चर्चची टोपी घालून ड्रम वाजवणारी क्लॉडेट

क्लॉडेट फेसी नऊ वर्षांची असताना जमैकाहून बर्मिंगहॅमला आली, तेव्हा विमानतळावर तिला न्यायला आलेल्या बाईला तिनं ओळखलंच नाही. ती बाई तिची आई होती. आयनेझ फेसी सहा वर्षांपूर्वी लेकीला मावशीकडे ठेवून नवऱ्यामागोमाग इंग्लंडला आली होती. दर महिन्याला ती पत्र पाठवायची आणि दर नाताळला एक फ्रॉक. फ्रॉक हमखास एक माप लहान असायचा, कारण आईच्या मनातली मुलगी नेहमी एक वर्ष मागेच राहायची.

हँड्सवर्थच्या त्या अरुंद घरात क्लॉडेट पहिले दोन महिने जवळजवळ बोललीच नाही. विचारलं की मान हलवायची, ताटातलं निमूट संपवायची आणि टेबलाच्या कडेवर बोटं वाजवत बसायची. आयनेझ हॉस्पिटलच्या धोबीखान्यात कामाला होती. चादरींच्या ढिगात उभ्या उभ्या ती रडायची, की पोटची पोर आपल्याला परकी झाली. बाप विल्फ्रेड लोखंडाच्या भट्टीवर काम करायचा. तो मात्र शांत असे.

"अगं, ती बोलतेय की," तो एकदा जेवताना म्हणाला. "बोटांनी बोलतेय. ऐक जरा."

आयनेझनं ऐकलं. पोर टेबलावर रविवारच्या प्रार्थनागीताचा ताल वाजवत होती, आणि तोही एका बोटाचा फरक न करता.

त्यांचं चर्च म्हणजे सोहो रोडच्या मागचा भाड्याचा हॉल. तिथं बिशप गुडन प्रवचन द्यायचे आणि एकमेकींना सिस्टर म्हणणाऱ्या तिथल्या बायका टाळ्या आणि डफल्या अशा वाजवायच्या, की शेजारचा खाटीक रविवारी दुकानात असला की सुरीही तालात चालवायचा. पुढच्या रविवारी आयनेझनं लेकीच्या हातात डफली दिली. त्या दिवशी घरी परत येताना क्लॉडेट पहिल्यांदा आपणहून बोलली. "मम्मा, ती लाल टोपीवाली सिस्टर दर वेळी उशिरा टाळी वाजवते." आयनेझ भर रस्त्यात हसायला लागली आणि हसता हसता तिनं लेकीला छातीशी धरलं.

क्लॉडेट तेरा वर्षांची झाली तेव्हा चर्चचा ड्रमवाला कामासाठी कॉव्हेंट्रीला गेला, आणि ड्रमवर कुणाला बसवायचं हा प्रश्न आला. सगळ्यांना ठाऊक होतं कुणाला, पण म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. मुलीच्या जातीनं पाय फाकवून देवापुढं बसायचं म्हणजे काय? आयनेझ कुणाशी वाद घालत बसली नाही. आठवडाभरात तिनं भरपूर चुण्यांचा, घोट्यापर्यंत येणारा असा घेरदार झगा शिवला, की त्यात ड्रमचा पायानं दाबायचा पायटासुद्धा दिसेना. "आता सांगा, काय दिसतंय?" तिनं बिशपना विचारलं. बिशप म्हणाले, "सिस्टर, मला तर ड्रमही दिसत नाही." आणि क्लॉडेट बसली.

अठराव्या वर्षी ती नर्सिंगला लागली. तिला म्हाताऱ्या पुरुषांचा वॉर्ड मिळाला, जो कुणालाच नको असायचा. तिथं हॉलिस नावाचा एक कारखान्यातला जुना फोरमन होता. पहिल्याच दिवशी तो ओरडला, "ते काळे हात माझ्यापासून लांब ठेव!"

"ठेवते की," क्लॉडेट म्हणाली. "पण हात गेले की लघवीचं भांडंही त्यांच्याबरोबर जाईल, मिस्टर हॉलिस. आणि आता तुम्हाला भांडं हवंय."

आजूबाजूच्या खाटा खिदळल्या. हॉलिस महिनाभर फुगून होता. मग एक दिवस त्यानं हळूच विचारलं, की चालताना ती पावलांनी काय वाजवत असते. तिला स्वतःलाही ते माहीत नव्हतं.

ते दिवस बरे नव्हते. नॅशनल फ्रंटवाले, म्हणजे काळ्यांना परत पाठवा म्हणणारे, झेंडे घेऊन रस्त्यावर उतरत होते. पोलिसांच्या हाती दीडशे वर्षांपूर्वीचा एक कायदा होता. संशय आला की पुरे, उचला. लोक त्याला नुसतं 'सस' म्हणत. हँड्सवर्थमध्ये असं एकही घर नव्हतं, जिथला मुलगा, भाचा किंवा पुतण्या कधी तरी पोलिसांच्या गाडीत बसला नव्हता. आणि ज्यांच्या आईबापांनी वीस वर्षं मान खाली घालून काम केलं, ती पोरं आता रास्ताफारी पंथाच्या जटा वाढवून, लाल-सोनेरी-हिरव्या टोप्या घालून, ॲम्प्लिफायर लावून उभी होती. पोलिसांना आणि सरकारला ती एकाच शब्दात मोजायची, बॅबिलन, बायबलातली जुलमी नगरी. त्यांची गाणी कुणाची करमणूक करायला नव्हती. ती जबानीसारखी होती.

अशा पोरांचाच एक बँड होता, 'माउंट हर्मन'. गाणारा लॉक्सली बेनेट उंच, बारीक आणि बोलायला लागला की थांबायचा नाही. ड्रमवर डेन्झिल रो. डेन्झिल क्लॉडेटच्याच चर्चमधला. सिस्टर मर्टल रो यांचा हा मुलगा लहानपणी तिच्या शेजारी बसून डफली वाजवायचा. जटा राखल्या त्या दिवसापासून त्यानं चर्च सोडलं होतं आणि सिस्टर मर्टलनी त्याचं नाव काढणं सोडलं होतं. बँड तरुणांच्या क्लबच्या तळघरात सराव करायचा. सकाळची पाळी संपवून परतताना क्लॉडेट रोज त्या क्लबबाहेरच्या बसथांब्यावर उभी राहायची. तिची बस त्या थांब्यावर येत नव्हती, हे तिच्या आईला फार उशिरा कळलं.

अठ्ठ्याहत्तरच्या जुलैतला एक शनिवार. हँड्सवर्थ पार्कमध्ये नॅशनल फ्रंटच्या विरोधात मोठी सभा होती आणि तीन वाजता 'माउंट हर्मन' वाजवणार होतं. दुपारी दीडच्या सुमाराला चर्चमध्ये आयनेझ, सिस्टर मर्टल आणि आणखी तिघी फरशी पुसत होत्या आणि क्लॉडेट उद्यासाठी ड्रमचं कातडं ताणत बसली होती. संध्याकाळी कुणाच्या तरी लग्नाचा चहा होता, म्हणून सगळ्याजणी चांगले कपडे आणि टोप्या घालूनच आल्या होत्या. दार उघडलं आणि लॉक्सली धापा टाकत आत आला.

"पाय!" आयनेझ ओरडली. "ओल्या फरशीवर पाय ठेवशील तर बघ!"

लॉक्सली एका पायावर थबकला. "मिस आयनेझ, माफ करा. सिस्टर मर्टल... डेन्झिलला उचललं."

सिस्टर मर्टलच्या हातातलं फडकं बादलीत पडलं.

"कुठं? का?"

"व्हिला रोडवर. पार्ककडेच निघाला होता. उभ्या गाडीच्या दाराला हात लावत होता म्हणे. अहो, त्याच्या दोन्ही हातांत झांजा होत्या! गाडीचं दार काय नाकानं उघडणार होता?"

लॉक्सलीनं टोपी काढली, परत घातली आणि क्लॉडेटकडे बघितलं.

"तीन वाजता आमचं आहे. पाच हजार माणूस जमलंय. ड्रमवाला नाही म्हणून आम्ही उतरलो, तर ज्यांनी त्याला उचललं तेच जिंकले. क्लॉडेट, डेन्झिल नेहमी म्हणतो, हँड्सवर्थमध्ये त्याच्याहून पक्का हात एकच आहे, आणि तो चर्चमध्ये वाया चाललाय."

"वाया?" आयनेझ ताठ उभी राहिली.

"म्हणजे... तो म्हणतो, मिस आयनेझ. मी नाही म्हणत."

क्लॉडेटनं आईकडे बघितलं. आयनेझ तिच्याकडे बघत नव्हती. ती सिस्टर मर्टलकडे बघत होती. मर्टल बाकावर बसल्या होत्या आणि ओले हात नुसतेच मांडीवर ठेवून होत्या. तीन वर्षं ज्याचं नाव काढलं नाही, त्याचं नाव त्या ओठांतल्या ओठांत घेत होत्या.

"जा," आयनेझ लेकीला म्हणाली. "टोपी काढू नकोस. तू कुणाच्या घरची आहेस ते लोकांना दिसू दे."

पार्कात एका ट्रकची फळी पाडून स्टेज केलं होतं. क्लॉडेट वर चढली तेव्हा पुढच्या रांगेतून कुणी तरी ओरडलं, "ए सिस्टर, प्रार्थना संपली का?" तिच्या डोक्यावर पांढरी जाळीची टोपी होती, पायात लग्नाचे बूट, आणि शेजारी उभ्या असलेल्या बास गिटारवाल्याच्या जटा कमरेपर्यंत. ती बसली. ड्रमच्या काठ्या डेन्झिलच्या होत्या. त्यानं पकडीला गुंडाळलेली चिकटपट्टी त्याच्या हाताच्या आकाराची झाली होती.

पहिलं गाणं फसलं. तिनं चर्चमधला ताल धरला, भरगच्च आणि घाईचा, जागा दिसेल तिथं ठोका. बासवाला तोंड वेडंवाकडं करत होता. गाणं संपल्यावर टाळ्या पडल्या, पण दया आल्यासारख्या. लॉक्सली वाकून म्हणाला, "पोरी, पहिला ठोका सोडून दे. मोकळा सोड. तिथं बासला श्वास घेऊ दे. तू तिसऱ्यावर ये, आणि एकदाच ये."

"पहिला सोडला तर लोकांना कळणार कसं, कुठून सुरू झालं?"

"त्यांना माहीत आहे कुठून सुरू झालं. त्यांना सगळ्यांना माहीत आहे."

दुसरं गाणं सुरू झालं. एक म्हणून तिनं हात हवेतच ठेवला. तेवढी एक जागा रिकामी सोडायला तिला आयुष्यात कधी इतका जोर लागला नव्हता. मग तिसऱ्या ठोक्यावर तिचा पाय आणि काठी एकदम पडली, आणि तिनं बघितलं, समोरची हजारो माणसं एकदम गुडघ्यात वाकली. काळी, गोरी, पंजाबी पगडीवाली, केस उभे केलेली, सगळी. पुढच्या ठोक्याला पुन्हा. रिकाम्या जागेत सगळे तिच्यासाठी थांबत होते. चर्चमध्ये देव आला की बायका जशा थरथरतात, तसं तिच्या पाठीतून काही तरी सरसरत गेलं. ती हसायला लागली आणि मग शेवटपर्यंत हसतच राहिली.

चौथ्या गाण्याला लॉक्सलीनं ताल बदलला. आता प्रत्येक ठोक्यावर पायाचा ड्रम, एक-दोन-तीन-चार, पलटण चालल्यासारखा. पार्काच्या दारात पोलिसांची रांग उभी होती. त्यांचेही बूट हलताहेत की काय, असं क्लॉडेटला वाटलं. तेवढ्यात ट्रकच्या कडेनं डेन्झिल वर चढला.

त्याचा खालचा ओठ फुटला होता आणि शर्टाची एक बाही नव्हती. तिचे हात थांबू पाहत होते. त्यानं मान हलवली, थांबू नकोस. काठ्या मागितल्या नाहीत. कोपऱ्यातला हाताचा ढोल त्यानं मांडीत घेतला, डोळे मिटले आणि तिच्या ठोक्यांच्या मधल्या जागांत बोटं पेरत गेला. लहानपणी डफली वाजवताना दोघं हेच करायची. ते गाणं पंधरा मिनिटं चाललं. लॉक्सली गायचं विसरला.

डेन्झिल सुटला कसा, हे क्लॉडेटला घरी गेल्यावर कळलं. आयनेझ स्वयंपाकघरात पाय गरम पाण्यात सोडून बसली होती.

"तू गेलीस, तशा आम्हीही निघालो. पाचजणी. ठाण्यात गेलो, बाकावर बसलो. साहेब म्हणाला, काय हवंय? मी म्हटलं, सिस्टर मर्टलचा मुलगा. तो म्हणाला, बसायचं तर बसा, वेळ लागेल. मी म्हटलं, आम्हाला सवय आहे. मग बसल्या बसल्या गाणं म्हटलं."

"कुठलं?"

"लांबलचक असलेलं. पहिलं संपलं, दुसरं घेतलं. तो आतून ओरडला, बंद करा. मी म्हटलं, साहेब, देवाचं गाणं म्हणू नये असा कुठला कायदा आहे तो दाखवा, लगेच बंद करते. तो दाखवायला उठलासुद्धा! कपाटं उघडली बिचाऱ्यानं. चौथ्या गाण्याला मर्टलनं वरचा सूर लावला. तुला माहीत आहे तिचा वरचा सूर. खिडकीच्या काचा वाजतात. पाचव्याला त्यानं पोराला बाहेर आणलं, म्हणाला, कोर्टात हजर राहा, आणि ह्या बायकांना घेऊन जा."

"आणि सिस्टर मर्टल?"

आयनेझनं पाण्यातला एक पाय काढून टॉवेलवर ठेवला. "तिनं त्याच्या जटांवरून हात फिरवला. मग म्हणाली, धुतोस तरी का रे?"

कोर्टात डेन्झिल हरला. दोन शिपायांनी शब्दाचाही फरक न करता एकच वाक्य म्हटलं आणि मॅजिस्ट्रेटनं ते मानलं. सहा महिने दर आठवड्याला त्याला हजेरी द्यावी लागली. तीन वर्षांनी तो कायदाच रद्द झाला, पण झालं ते पुसलं गेलं नाही, आणि गाडीच्या जवळून जाताना डेन्झिल आजन्म हात खिशात घालायचा. मात्र त्यानं त्या दुपारवर एक गाणं लिहिलं, 'बाक'. ठाण्यातल्या बाकावर पाच आया बसल्या आहेत आणि उठत नाहीत, एवढंच त्यात होतं. खालचा बास आयनेझच्या प्रार्थनागीताच्या चालीवरून उचललेला. 'माउंट हर्मन'ची तीच तबकडी सगळ्यांत जास्त वाजली. आयनेझ ती ऐकून डेन्झिलला म्हणाली, "माझं नाव घातलं असतंस तरी चाललं असतं."

पार्कातल्या सभेनंतरच्या रविवारी बिशप गुडन यांनी क्लॉडेटला बोलावून घेतलं होतं. जटावाल्यांच्या बँडात वाजवायचं की चर्चमध्ये, एक काय ते ठरव, असं सांगायचं होतं. पण त्या रविवारी सिस्टर मर्टल मुलाला घेऊन आल्या आणि त्यांनी त्याला पहिल्या बाकावर बसवलं. लाल टोपीवाली सिस्टर सरकून जागा देत म्हणाली, "केसांमुळे मागच्याला दिसणार नाही, पण असू दे." बिशपनी सगळ्यांकडे बघितलं, घसा खाकरला आणि प्रवचन सुरू केलं. तो विषय पुन्हा निघाला नाही.

मग चार वर्षं क्लॉडेट दोन ड्रमवाल्यांच्या त्या बँडात वाजवत राहिली. हॉस्पिटलमध्ये पाळ्या बदलून घ्यायची, सुट्ट्या साठवायची, आणि व्हॅनच्या मागच्या सीटवर स्पीकरच्या खोक्यांमध्ये बसून लीड्स, ब्रिस्टल, ग्लासगो करायची. कधी कधी केस उभे करणाऱ्या गोऱ्या पंक पोरांच्या बँडांबरोबर वाजवायला लागायचं. ती पोरं आवडलं की स्टेजवर थुंकायची. ते कौतुक असतं, असं लॉक्सलीनं समजावून सांगितलं. क्लॉडेटनं दुसऱ्या कार्यक्रमाला छत्री आणली, उघडून ड्रमला बांधली आणि ती मायक्रोफोनमध्ये म्हणाली, "कौतुक इथं टाका, मी नंतर धुवून घेईन." त्या दिवसापासून थुंकणं बंद झालं आणि कार्यक्रमाला छत्र्या घेऊन येणाऱ्यांची टोळीच तयार झाली.

एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात हँड्सवर्थसह गावोगाव काचा फुटल्या, दुकानं पेटली. क्लॉडेट त्या दिवसांत वाजवत नव्हती. ती जखमा शिवत होती, दोन्ही बाजूंच्या. त्यानंतर हळूहळू लोकांची नाचायची पद्धत बदलली, मशीनचे ठोके आले, आणि 'माउंट हर्मन' कुणाशी न भांडता थांबलं. लॉक्सली लंडनला रेडिओवर बोलायला गेला, आणि तिथं त्याला थांब म्हणणारं घड्याळ होतं. डेन्झिलनं सुतारकाम धरलं आणि एका शाळेत शिकवणाऱ्या मुलीशी लग्न केलं. क्लॉडेटनं सेंट किट्सच्या हरमन लिबर्डशी केलं. हा बस चालवायचा, मासे उत्तम तळायचा, आणि तालाशी त्याचा छत्तीसचा आकडा. "चोवीस तास तालात राहणाऱ्या बाईला घरी थोडी विश्रांती नको का?" असं तो म्हणायचा, आणि ते तिला पटायचं.

ती वॉर्डची सिस्टर झाली, मग मेट्रन झाली. विल्फ्रेड गेला, नंतर बऱ्याच वर्षांनी आयनेझ गेली. तिच्या अंत्यविधीला डेन्झिल आणि क्लॉडेट दोघांनी वाजवलं, आणि लोक कबरस्तानापर्यंत पावलं टाकत गेले. रविवारी चर्चमध्ये ड्रमवर अजून तीच बसते. गुडघा कुरकुरतो, पण पायटा चालतो.

मागच्या वर्षी विद्यापीठातून एक मुलगी आली होती, त्या काळाचा इतिहास लिहिणारी. टेबलावर रेकॉर्डर ठेवून तिनं आदबीनं विचारलं, "मिसेस लिबर्ड, त्या लढाऊ वर्षांतला तुमचा सगळ्यांत आनंदाचा दिवस कुठला? पार्कातला का?"

क्लॉडेटनं विचार केला. गॅसवर नारळाच्या दुधात राजम्याचा भात शिजत होता आणि त्याचा वास घरभर पसरला होता.

"पार्कात मी फार घाबरले होते," ती म्हणाली. "आनंदाचा म्हणशील तर वेल्समधला. व्हॅन डोंगरात बंद पडली. मदत यायला चार तास. थंडी अशी, की लॉक्सलीसुद्धा गप्प. मग डेन्झिलनं तेलाचा रिकामा डबा घेतला, मी खोक्याचं झाकण, आणि ऊब यावी म्हणून वाजवायला लागलो. बघता बघता मेंढ्या जमल्या. पन्नास-साठ तरी असतील. कुंपणाला टेकून ऐकत उभ्या. मग शेतकऱ्याची बायको किटली घेऊन आली. आम्ही थांबलो, वाटलं ओरडणार. तर म्हणाली, थांबू नका, ह्या काल दिवसभर सैरावैरा पळत होत्या, आज पहिल्यांदा एका जागी उभ्या आहेत."

मुलगी हसली. "आणि मग?"

"मग काय, चहा प्यायलो आणि आणखी तासभर वाजवलं. मागून कुणी येत नव्हतं, पुढं कुणी अडवत नव्हतं." क्लॉडेट उठली, तिनं झाकण काढून भात बघितला आणि आच बारीक केली. "ते मशीन बंद कर आणि हात धू. हरमन मासे घेऊन येतोच आहे."